आगरोधक दार उघडे धरणारा विद्युतचुंबक: निवड, बसवणी, वायरिंग आणि चाचणी

मोठ्या इमारतीत लिफ्टसमोरच्या जागेत, जिन्याच्या तोंडाशी किंवा लांब मार्गिकेच्या मध्यावर जड आणि आपोआप मिटणारी दारे असतात. एरवीच्या दिवशी ती सर्वांनाच अडचणीची वाटतात. सामानाची ट्रॉली ढकलणारा कर्मचारी, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती, दोन्ही हात गुंतलेला रहिवासी, या प्रत्येकाला दर फेरीला ते दार ढकलावे लागते. मग चार दिवसांत कोणीतरी दाराखाली लाकडी पाचर सरकवतो, नाहीतर आग विझवण्याचा सिलिंडरच टेकवून ठेवतो. पाचर लावणाऱ्याला रागावून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याची अडचण खरी असते. दार दिवसभर उघडे राहावे आणि धूर दिसताच कोणाच्याही हाताशिवाय मिटावे, या दोन्ही गरजा एकत्र भागवण्यासाठी मॅग्नेटिक डोअर होल्डर वापरतात.

त्याची रचना साधी आहे. भिंतीवर किंवा जमिनीवर एक विद्युतचुंबक बसवतात आणि दारावर त्याच्या समोर येईल अशी लोखंडी चकती लावतात. कॉइलमध्ये वीज असेपर्यंत चुंबक चकतीला धरून ठेवतो. वीज खंडित झाली की पकड सुटते आणि दारावरचा डोअर क्लोजर दार ओढून मिटवतो. म्हणजे दार मिटवण्याचे काम चुंबक करत नाही, ते क्लोजर करतो. चुंबकाला फक्त सोडायचे असते. या विषयात नव्याने येणारा माणूस बहुधा सर्वप्रथम ‘चुंबकाची पकड किती?’ असे विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न ‘पकड कोणकोणत्या प्रसंगी सुटेल?’ हा असायला हवा आणि पुढील प्रत्येक पायरीवर तोच मनात धरावा.

दार न मिटण्याची किंमत काय असते, हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ९ जानेवारी २०२२ रोजी दिसले. एका १९ मजली निवासी इमारतीतील सदनिकेत विजेच्या हीटरमुळे आग लागली. ज्वाळा त्या मजल्यापलीकडे फारशा पसरल्या नाहीत. परंतु सदनिकेचे दार आणि वरच्या एका मजल्यावरील जिन्याचे दार आपोआप मिटले नाही, जिना धुराने भरला आणि १७ माणसे धुराने गुदमरून मृत्यू पावली. तेथे प्रश्न चुंबकाचा नव्हता, मिटण्याच्या यंत्रणेचा होता. पण दार मिटलेच पाहिजे, ही गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

पहिली पायरी: होल्डर आणि मॅग्नेटिक लॉक यांतील फरक ओळखणे

दोन्ही उपकरणे विद्युतचुंबकच असल्यामुळे खरेदीच्या वेळी त्यांची नेहमी गल्लत होते. मॅग्नेटिक लॉक बंद दार बंदच ठेवण्यासाठी असतो. कोणी जोर लावून दार उघडू नये म्हणून त्याची पकड साधारण २७० ते ५४० किलो वजनाइतकी ठेवलेली असते. होल्डर उघडे दार उघडे ठेवण्यासाठी असतो, आणि त्याची पकड त्या मानाने अगदी थोडी, म्हणजे साधारणपणे दहा-पंधरा किलोपासून काही दशक किलोंपर्यंत असते. ती थोडी असणे हा त्याचा दोष नाही. माणसाने हाताने ओढले तरी दार सुटले पाहिजे, ही त्याच्याकडून अपेक्षाच आहे. होल्डरच्या जागी मॅग्नेटिक लॉक बसवण्याची कल्पना कोणी मांडली, तर तेथेच थांबवावी.

दुसरी पायरी: चुंबकाआधी दार तपासणे

ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून ती गाळली जाते, आणि पुढील निम्म्या तक्रारी तेथूनच येतात. दार ९० अंशांपर्यंत उघडून सोडावे, नंतर अर्धे उघडून सोडावे, शेवटी जेमतेम वीतभर उघडून सोडावे. तिन्ही वेळा दाराने पूर्ण मिटून लॅच चौकटीत अडकली पाहिजे. नुसते टेकलेले दार पुरेसे नसते, कारण आगीच्या खोलीतील तापलेली हवा प्रसरण पावते आणि लॅच न अडकलेले दार ढकलून उघडते. दार आणि चौकट यांमधील फट अमेरिकेच्या एनएफपीए ८० या मानकानुसार लाकडी दाराला सुमारे ३ मिलिमीटर आणि दाराखाली जास्तीत जास्त १९ मिलिमीटर असावी. गालिचा नवा घातला असेल किंवा फरशी उंचावली असेल, तर दार घासते आणि क्लोजरची ताकद तेथेच खर्ची पडते.

क्लोजर दाराच्या रुंदीला आणि वजनाला साजेसा हवा. युरोपच्या ईएन ११५४ या मानकात क्लोजरचे १ ते ७ असे आकार ठरवले आहेत आणि आगरोधक दारासाठी किमान आकार ३ मागितला आहे. आकार ३ हा ९५० मिलिमीटर रुंद व ६० किलो वजनाच्या दारापर्यंत, आकार ४ हा ११०० मिलिमीटर व ८० किलोपर्यंत, तर आकार ५ हा १२५० मिलिमीटर व १०० किलोपर्यंत चालतो. दुपाखी दारात एका पाख्याची कड दुसऱ्यावर बसत असेल, तर कोणता पाखा आधी मिटावा हे ठरवणारे साधन लागते. ते नसेल तर दोन्ही चुंबक एकाच क्षणी सुटतात, पाखे चुकीच्या क्रमाने येतात आणि मध्ये हातभर फट राहून दार अडकते.

कोणते दार उघडे धरायचे, याचाही निर्णय येथेच घ्यावा. विजेच्या खोल्या, कोठारे, यंत्रांच्या खोल्या येथे दिवसभर वर्दळ नसते. ती दारे बंदच असावीत आणि तेथे होल्डर बसवण्याचा आग्रह कोणी धरला तरी मानू नये. इमारतीला एकच जिना असेल, तर त्या जिन्याचे दार उघडे धरण्यापूर्वी अग्निशमन अधिकाऱ्याचा लेखी होकार घ्यावा. बाकी ठिकाणी, जेथे लोक पाचर लावतातच असे दिसते, तेथे होल्डरची गरज खरी समजावी.

तिसरी पायरी: उपकरण निवडणे

सर्वांत जास्त वापरात असलेला प्रकार भिंतीवर बसवायचा. भिंत दूर असेल किंवा काचेची असेल, तर जमिनीवर बसवायचा प्रकार घेतात. तो पायात येतो आणि फरशी धुताना भिजतो, म्हणून शक्यतो टाळावा. काही क्लोजरच्या आतच दार धरून ठेवण्याची विजेवर चालणारी सोय असते, तेथे वेगळा चुंबक लागत नाही. जुन्या इमारतीत वायर ओढणे अवघड असेल, तर बॅटरीवर चालणारे आणि अलार्मचा आवाज ऐकून सुटणारे उपकरण मिळते. ते घेताना त्या जागी अलार्म पुरेसा मोठा ऐकू येतो का आणि बॅटरी क्षीण झाल्यावर दार सुटते का, हे दोन्ही पाहावे.

चुंबकाचे व्होल्टेज फायर अलार्मच्या पुरवठ्याशी जुळणारे, म्हणजे बहुतेक वेळा २४ व्होल्ट डीसी असावे. अशा एका चुंबकाला काही दशक मिलिअँपिअर एवढाच प्रवाह लागतो. मुख्य विजेवर थेट चालणारे चुंबकही मिळतात. त्यांचे वायरिंग वेगळ्या मार्गाने न्यावे लागते आणि काम पात्र वीजतंत्र्यानेच करावे लागते.

पकडीबाबत युरोपच्या ईएन ११५५ या मानकातील अट विचारपूर्वक केलेली वाटते: ९० अंशांवर धरलेले दार हाताने सोडवण्यासाठी लागणारा घूर्ण (बिजागरीभोवती फिरवणारा जोर) ४० न्यूटन-मीटरहून कमी नसावा आणि १२० न्यूटन-मीटरहून जास्त नसावा. बिजागरीपासून ०.८ मीटरवर ओढले, तर हे बळ सुमारे ५० ते १५० न्यूटन, म्हणजे साधारण ५ ते १५ किलो वजनाइतके होते. खालची मर्यादा दार वाऱ्याने किंवा धक्क्याने सुटू नये म्हणून आहे, आणि वरची मर्यादा पळणाऱ्या माणसालाही मागे वळून दार ओढता यावे म्हणून आहे. जास्त पकडीचा चुंबक ‘बरा पडेल’ म्हणून घेणाऱ्याने ही वरची मर्यादा विसरू नये.

चौथी पायरी: जागा ठरवून बसवणे

क्लोजर दाराच्या वरच्या बाजूला असतो. चुंबक खाली, गुडघ्याच्या उंचीवर लावला, तर क्लोजर दाराला वरून ओढत राहतो आणि चुंबक खालून धरून ठेवतो. महिनोन्महिने असा पीळ बसल्याने दार वाकते आणि मग वरचा कोपरा चौकटीला कधीच टेकत नाही. म्हणून चुंबक शक्यतो क्लोजरच्या उंचीवर आणि बिजागरीपासून दूरच्या कडेजवळ लावावा.

दार पूर्ण उघडून क्लोजरच्या हाताला ताण येत नाही ना, हँडल भिंतीला आपटत नाही ना, हे पाहावे आणि मगच चुंबकाची जागा पेन्सिलने आखावी. पोकळ पार्टिशनच्या भिंतीत नुसता प्लग ठोकून भागत नाही. आत लाकडी किंवा धातूचा आधार देऊन त्यात स्क्रू बसवावेत, कारण दार रोज येऊन आदळणार असते. दारावरची चकती थोडी इकडेतिकडे कलणारी असते, ती मुद्दाम तशी केलेली असते. तिचा मधला स्क्रू घट्ट आवळून ती पक्की करू नये. चुंबकाच्या तोंडावर चकती सपाट बसली तरच पूर्ण पकड मिळते, कारण मध्ये अगदी कागदाएवढे अंतर राहिले तरी पकड झपाट्याने घटते. दार आणि भिंत यांत अंतर जास्त असेल, तर मूळ उत्पादकाचाच जोडदांडा वापरावा. आगरोधक दाराला स्वतःच्या मनाने आरपार भोके पाडू नयेत. दाराच्या उत्पादकाने मान्य केलेली पद्धतच वापरावी, नाहीतर दाराचे प्रमाणपत्र निरर्थक होते.

पाचवी पायरी: वायरिंग

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. तत्त्व एकच आहे: वीज असेल तर दार धरलेले राहील, वीज गेली तर सुटेल, आणि यंत्रणेत कोठेही बिघाड झाला तर तो ‘वीज गेली’ असाच दिसला पाहिजे.

सर्व चुंबक समांतर जोडावेत आणि त्यांचा पुरवठा फायर अलार्म पॅनेलने नियंत्रित केलेल्या रिलेच्या (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) संपर्कातून न्यावा. नवखा माणूस येथे एक चूक करतो, आणि ती चाचणीत सहसा पकडली जात नाही. रिले एरवी निद्रिस्त ठेवला आणि अलार्म झाल्यावर पॅनेलने त्याला वीज देऊन संपर्क तोडायचा, अशी जोडणी केली, तर रोजच्या चाचणीत दारे अगदी वेळेवर मिटतात. पण पॅनेलपासून रिलेपर्यंतची वायर एखाद्या दिवशी तुटली, तर अलार्म वाजत राहतो आणि दारे उघडीच राहतात. याउलट रिले एरवी सतत जागा ठेवला, म्हणजे त्याच्या कॉइलला पॅनेलकडून नेहमी वीज मिळते आणि अलार्म होताच ती काढून घेतली जाते अशी जोडणी केली, तर वायर तुटली, फ्यूज उडाला किंवा पॅनेलच बंद पडले, तरी प्रत्येक वेळी दारे मिटतात. ब्रिटनच्या बीएस ७२७३ या मानकाचा चौथा भाग केवळ दारे सोडवण्याच्या जोडणीबद्दल आहे, आणि त्यातील कडक वर्गाचा गाभा हाच आहे की बिघाड झाला तरी दार सुटले पाहिजे. नाहक दारे मिटण्याचा त्रास यात थोडा वाढतो, हे खरे आहे. तो त्रास स्वीकारावा.

विद्युतचुंबकाचा पुरवठा तोडताना कॉइलमध्ये क्षणभर मोठे उलटे व्होल्टेज तयार होते आणि त्याच्या ठिणगीने रिलेचे संपर्क हळूहळू जळून शेवटी एकमेकांना चिकटतात. चिकटलेला संपर्क म्हणजे न सुटणारे दार. म्हणून प्रत्येक चुंबकाला उलट दिशेने जोडलेला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असावा. अनेक उत्पादनांत तो आतच असतो. तसे असेल तर धन आणि ऋण टोकांची अदलाबदल केल्यास पुरवठाच शॉर्ट होतो, म्हणून पत्रक वाचून मगच जोडणी करावी.

व्होल्टेजची घट आधी कागदावर काढावी. समजा १० चुंबक प्रत्येकी ६० मिलिअँपिअर घेतात आणि सर्वांत दूरचा चुंबक १०० मीटरवर आहे. सोयीसाठी सगळा ०.६ अँपिअर प्रवाह शेवटपर्यंत जातो असे धरू. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. जाऊन-येऊन २०० मीटर तारेचा रोध २.४ ओहम होतो आणि घट सुमारे १.४ व्होल्ट येते. २४ व्होल्टच्या पुरवठ्यात एवढी घट सहसा चालते. तार याहून बारीक किंवा लांबी दुप्पट असेल, तर शेवटच्या दाराची पकड ढिली पडते आणि ते जाता-येता सुटू लागते. मग लोक चुंबकाला दोष देतात आणि पुन्हा पाचर आणतात.

चुंबकांना बॅटरीचा आधार देण्याची गरज नसते. इमारतीची वीज गेल्यावर दारे मिटणे हे सुरक्षित वर्तन आहे, आणि अंधारात अलार्मची बॅटरी दारे धरण्यात खर्च होऊ देणे शहाणपणाचे नाही. प्रत्येक दाराजवळ हाताने सोडण्याचे बटण असावे. अनेक भिंतीवरच्या होल्डरवर ते असतेच.

सहावी पायरी: धूर ओळखण्याची सोय

काही जुन्या इमारतींत दार उघडे धरणाऱ्या साखळीत सुमारे ७४ अंश सेल्सिअसला वितळणारा धातूचा दुवा असे. त्याचा दोष स्पष्ट आहे: थंड होत आलेला, पण प्राणघातक धूर त्या दारातून निघून जातो आणि दुवा तसाच राहतो. म्हणून होल्डरला स्मोक डिटेक्टरचीच जोड हवी.

संपूर्ण मार्गिकेत डिटेक्टर असतील, तर बहुधा तेच पुरतात. फक्त दारासाठी डिटेक्टर लावायचे असतील, तर दाराच्या वर छतापर्यंत किती भिंत आहे हे पाहावे लागते, कारण धूर आधी छताखाली साठतो आणि मग दारातून पलीकडे वाहतो. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या मानकानुसार ही उंची ६१० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर दाराच्या दोन्ही बाजूंना डिटेक्टर लागतो. माझे मत असे की उंची कमी असली तरी, जमत असेल तर दोन्ही बाजूंना लावावा. आग कोणत्या बाजूने येईल, हे दाराला ठाऊक नसते. भिंतीवरचे हाताने दाबण्याचे अलार्म बटणही दारे सोडणारेच असावे.

सातवी पायरी: इमारतीच्या सुरक्षेशी मेळ घालणे

होल्डर म्हणजे कुलूप नव्हे. त्याने धरलेले दार सगळ्यांसाठी उघडे असते. तरीही सुरक्षेसाठी त्याचा चांगला उपयोग होतो. कार्यालयाची वेळ संपताच टायमरने किंवा प्रवेश-नियंत्रण यंत्रणेने चुंबकांची वीज काढून घ्यायची, म्हणजे सर्व दारे एकदम मिटतात आणि त्यांच्यावरील कुलुपे आपले काम सुरू करतात. पहारेकऱ्याला मजल्यामजल्यावर जाऊन दारे लोटावी लागत नाहीत. रोज रात्री दार मिटण्याचा आणखी एक लाभ आहे: वर्षानुवर्षे उघडे राहिलेले दार वाकते आणि क्लोजरचे तेल घट्ट होते, ते यामुळे टळते.

एकाच दारावर होल्डर आणि विजेचे कुलूप दोन्ही असतील, तेव्हा अलार्मच्या वेळी नेमके काय व्हावे, हे आधी लिहून काढावे. दार मिटले पाहिजे. बाहेर पडणाऱ्याला आतून चावी किंवा कार्ड न लागता उघडता आले पाहिजे. आणि तरीही दाराची यांत्रिक लॅच अडकलेलीच राहिली पाहिजे. नुसत्या मॅग्नेटिक लॉकवर विसंबलेल्या आगरोधक दारात तिसरी अट मोडते, कारण अलार्ममध्ये लॉक सुटल्यावर दाराला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. लॅच ही यांत्रिकच हवी आणि आतले हँडल फिरवताच ती मागे गेली पाहिजे.

दारे एकदम सुटताना त्यांच्या वाटेत माणसे असू शकतात. क्लोजरचा वेग त्या दृष्टीने लावावा. अमेरिकेच्या सुगम्यता मानकांत दाराने ९० अंशांवरून १२ अंशांपर्यंत येण्यास किमान ५ सेकंद घ्यावेत असे म्हटले आहे, आणि हा आकडा सर्वत्र धरण्याजोगा आहे.

आठवी पायरी: चाचणी

चाचणी म्हणजे बटण दाबून ‘सुटले’ म्हणणे नव्हे. आधी दाराजवळचे बटण दाबावे. मग प्रत्येक डिटेक्टरला चाचणीच्या धुराने जागे करावे, त्यानंतर भिंतीवरचे अलार्म बटण वापरावे. पुढे मुख्य वीज बंद करावी. मग पॅनेलपासून रिलेकडे जाणारी वायर मुद्दाम सोडवावी. पाचव्या पायरीतील चूक झाली असेल, तर ती याच वेळी उघडकीस येते. शेवटी वीज चालू असतानाच दार हाताने ओढून सोडवावे. प्रत्येक वेळी दाराजवळ उभे राहून लॅच अडकल्याचा आवाज ऐकावा. पॅनेलवरचा दिवा पाहून दार मिटले असे गृहीत धरू नये. चाचणीपूर्वी इमारतीतील सर्वांना आणि अलार्म बाहेर कळत असेल तर तेथेही सूचना द्यावी. पॅनेल रीसेट केल्यावर दारे आपोआप उघडत नाहीत. ती चालत जाऊन हाताने चुंबकाला लावावी लागतात, हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगावे.

वीज गेल्यावरही दार क्षणभर चिकटून राहत असेल, तर चकतीत उरलेले चुंबकत्व हे त्याचे कारण असते. ते सोडवण्यासाठी अनेक होल्डरमध्ये स्प्रिंगवरची छोटी खिटी असते, जी चकतीला किंचित पुढे ढकलते. ती रंगाने किंवा धुळीने जाम झाली की दार अडून बसते. मी एका इमारतीत सगळ्या मार्गिकेची नवी रंगरंगोटी झालेली पाहिली होती आणि रंगाऱ्याने चुंबकांची तोंडेही नीट रंगवली होती. काही दारे धरतच नव्हती आणि दोन दारे वीज काढल्यावरही सुटत नव्हती. चुंबकाचे तोंड आणि चकती कोरड्या कापडाने पुसावी, त्यांवर रंग, तेल किंवा चिकटपट्टी कधीही लावू नये, आणि रंगकाम निघाले की त्या भागांवर आधीच कागद लावून घ्यावा.

रोजचे दार मिटणे टायमरवर असेल, तर सकाळी दारे उघडणाऱ्यानेच न मिटलेल्या दाराची नोंद करावी. महिन्यातून एकदा प्रत्येक दार बटणाने सोडून पाहावे आणि वर्षातून किमान एकदा वरची संपूर्ण चाचणी करावी. नोंदवहीत ‘सर्व ठीक’ असे न लिहिता प्रत्येक दाराचा क्रमांक, चाचणीचा प्रकार, लॅच अडकली की नाही आणि काय दुरुस्त केले हे लिहावे. पुढच्या वर्षी तेच दार पुन्हा अडले, तर क्लोजर बदलायचा की बिजागरी, हे त्या ओळींवरून कळते. आणि चाचणीच्या फेरीत एखाद्या दाराखाली पाचर सापडली, तर ती उचलून नेण्याआधी त्या दाराचा चुंबक तपासावा, कारण बहुतेक वेळा पाचर तेथेच येते जेथे चुंबकाची पकड ढिली पडलेली असते.